डुकराचा रुपया

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आमच्या घरी एक पितळी डबा उघडतो. त्यात आजीच्या वेळचे अकरा चांदीचे रुपये आहेत. ते ताटात मांडायचे, हळदकुंकू वाहायचे आणि भाऊबीज झाली की पुन्हा डब्यात ठेवायचे, असा आमचा रिवाज. गेल्या दिवाळीत मी डबा घेऊन बसलो होतो, तोच पुतण्या धावत आला. त्याच्या तळहातावर दोन रुपयांचे नाणे होते.

"काका, वाण्याने सुटे दिले त्यात हे आले. सिंहांच्या डोक्यावरून रेघ गेली आहे बघा. असल्या चुकीच्या नाण्याला दोन लाख देतात! मोबाइलवर जाहिरात आहे. फक्त नोंदणीचे अडीच हजार आधी भरायचे."

"भरलेस?"

"आज संध्याकाळी भरतो."

ते अडीच हजार त्याने मुलांच्या कपड्यांसाठी बाजूला ठेवलेले, हे मला ठाऊक होते. मी त्याला पाटावर बसवले आणि भिंग काढले.

चुकीचे नाणे हाती आले की पहिला प्रश्न एकच: चूक टांकसाळीत झाली की टांकसाळीबाहेर? नाणे कसे पाडतात हे कळले की उत्तर सोपे होते. धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापतात, त्यांची कड दाबून उंच करतात, मग चकती एका कड्यात बसवून वर-खाली दोन पोलादी ठशांमध्ये दाबतात. असंख्य नाणी पाडता पाडता ठशाला तडा जातो. त्या तड्यात धातू शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ उमटते. म्हणून नखाला उंच लागते ती रेघ टांकसाळीतली. खोल लागतो तो ओरखडा, खिशातला किंवा रस्त्यावरचा.

पुतण्याने नख फिरवले. रेघ उंच होती! त्याचा चेहरा उजळला.

"थांब," मी म्हटले, "खरे असणे निराळे आणि मोलाचे असणे निराळे. तो ठसा बदलेपर्यंत तुझ्या नाण्याची किती भावंडे बाहेर पडली असतील! एखादा हौशी थोडे जास्त देईल, इतकेच."

मग मोल कशाला? चकती कड्यात नीट न बसता दाबली गेली, तर चित्र एका बाजूला सरकते आणि दुसरीकडे कोरी चंद्रकोर राहते. ती जितकी मोठी तितकी मौज. त्यातही साल आणि टांकसाळीची खूण दिसत असेल तर अधिक. (मुंबईची खूण चौकटच्या आकाराची, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका, कलकत्त्याची खूणच नसते.) मात्र हा नियम यंत्राच्या नाण्यांचा. हाताने ठोकलेल्या शिवराईवर अक्षरे अर्धी राहिलेली दिसतात, कारण ठसा चकतीपेक्षा मोठा असे. ती चूक नव्हे, त्या काळची रीतच.

कधी पाडलेले नाणे ठशालाच चिकटून राहते. मग पुढच्या नाण्यावर एका बाजूला सिंह नेहमीसारखे उठतात, आणि दुसऱ्या बाजूला तेच सिंह खोल व आरशातल्यासारखे उलटे. असे नाणे क्वचितच सापडते. कधी पट्टीतल्या आधीच्या भोकावरच कात्री पडते आणि चकतीचा तुकडा चावल्यासारखा उडतो. येथे लबाडी सोपी. कोणीही कानस घेऊन बसेल. पण खऱ्या नाण्यात बहुधा त्या तुकड्याच्या बरोबर समोरची कडही पुसट असते, कारण कड दाबताना तेथे पुरेसा दाब मिळत नाही. लबाडाला हे सहसा सुचत नाही.

"आणि दोन लाखांचे?" पुतण्याने विचारले. मी डब्यातला एक रुपया त्याच्या हाती दिला. साल १९११.

पाचव्या जॉर्जचा हा पहिला रुपया, त्याच्या दिल्ली दरबाराच्या वर्षीचा. वजन ११.६६ ग्रॅम, हजार भागांत ९१७ भाग चांदी. राजाच्या झग्यावर 'ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर'च्या साखळीतला हत्ती कोरलेला. पण सोंड इतकी आखूड निघाली की लोकांना तो डुक्कर दिसला! मुसलमानांना ते निषिद्ध, अनेक हिंदूंना ओंगळ. केवढा गहजब झाला! मुंबई आणि कलकत्ता मिळून सुमारे ९४ लाख रुपये पाडले होते. जेमतेम ७ लाख बाहेर आले होते. त्यांतले पुष्कळ परत घेऊन उरलेल्यांबरोबर वितळवले. १९१२ च्या रुपयावर हत्ती नव्याने कोरला.

गंमत पाहा. या रुपयात यंत्राची काडीचीही चूक नाही; चुकली ती कोरणाऱ्याची सोंड. तरी तुझ्या रेघेपेक्षा याला भाव अधिक, कारण भाव चुकीला नसतो. उरले किती आणि राखले कसे, याला असतो.

"मग हा विकला तर?"

येथे मला माझी चूक सांगावी लागली. लहानपणी दर दिवाळीला रिठ्याच्या पाण्यात भिजवून राखेने हे रुपये मीच लखलखीत घाशीत असे. पुढे एका जाणकाराला हा दाखवला, तेव्हा त्याने भिंग खाली ठेवून विचारले, "घासला कोणी?" हत्तीचा उठाव जवळजवळ गेला होता. चांदीवरची जुनी काळसर झाक हीच नाण्याची अब्रू, हे मला फार उशिरा कळले. आजीला मात्र त्याचे काही वाटले नसते. तो तिच्या भावाने भाऊबिजेला ताटात घातलेला. ती म्हणे, "हत्ती असो की डुक्कर, दादाने घातला आहे."

राहिली ती जाहिरात. आपले नाव घेऊन जुनी नाणी-नोटा विकत घेणाऱ्या व त्यासाठी शुल्क मागणाऱ्या भामट्यांपासून सावध राहा, असे रिझर्व्ह बँकेने २०२१ सालीच बजावले आहे. माझे सांगणे त्याहून साधे: खरा गिऱ्हाईक नाणे पाहून पैसे देतो, पैसे घेऊन नाणे पाहत नाही.

संध्याकाळी पुतण्या बाजारात गेला आणि मुलांचे कपडे घेऊन आला. दुसऱ्या दिवशी ताटात अकरा रुपये मांडले, न घासता. त्याने हळूच आपले दोन रुपयांचे नाणे शेजारी ठेवले. मी त्यालाही हळदकुंकू वाहिले.