मोठ्या जहाजाचं कुंपण, लहान गलबताचं काय?

महाराष्ट्रात चाचेगिरीवर बोलायला उभं राहिलं की पहिला प्रश्न कान्होजी आंग्र्यांचा येतो, तेव्हा तो आधीच मिटवू. इंग्रज त्यांना चाचे म्हणत. पण ते मराठ्यांचे सरखेल होते, आणि दस्तक न घेता जाणारं गलबत अडवणं हा राज्याचा हक्क समजून ते अडवत. 1982च्या समुद्रकायद्याच्या करारात चाचेगिरी म्हणजे खुल्या समुद्रावर, खाजगी फायद्यासाठी, एका जहाजावरच्यांनी दुसऱ्यावर केलेला हल्ला. आज आपला विषय ही चाचेगिरी.

आपल्याकडची सुरुवात 1999ची धरता येईल. 'अलोंड्रा रेनबो' हे जपानी मालकीचं जहाज इंडोनेशियातून ॲल्युमिनियम घेऊन निघालं आणि चाच्यांच्या हाती पडलं. खलाशांना तराफ्यावर सोडून दिलं, जहाजाचं नाव बदललं. आपल्या तटरक्षक दलाने आणि नौदलाने ते अरबी समुद्रात गाठलं. मुंबईत खटला चालला, 2003मध्ये शिक्षा झाली, आणि 2005मध्ये उच्च न्यायालयात आरोपी सुटले! आपल्या दंडविधानात चाचेगिरी नावाचा गुन्हाच नव्हता. तो स्वतंत्र कायदा यायला 2022 उजाडलं.

सोमालियाची गोष्ट वेगळी. 1991मध्ये तिथलं सरकार कोसळलं, किनाऱ्यावर पहारा उरला नाही, परदेशी ट्रॉलर येऊन मासळी ओरबाडू लागले. चाचेगिरीचं हे एकमेव कारण नव्हे. खंडणीत पैसा किती आहे हे कळल्यावर मासेमारीशी संबंध नसलेले लोकही धंद्यात उतरले. 2008च्या नोव्हेंबरात त्यांनी 'सिरियस स्टार' हा अवाढव्य तेलवाहू टँकर पळवला. एवढं मोठं जहाज आणि हल्लेखोर कशातून आले? इंजिन लावलेल्या छोट्या होड्यांतून, आकड्याची शिडी घेऊन.

मग बचावाची तयारी झाली, आणि ती बघण्यासारखी आहे. काठड्याला काटेरी तारांची वेटोळी. कडेने पाण्याचे जोरदार फवारे. आत एक मजबूत खोली, जिथे सगळे खलाशी स्वतःला कोंडून घेतात आणि इंजिन बंद करतात, म्हणजे चाचे चढले तरी जहाज हाकायला माणूस नाही. त्या वेळच्या मार्गदर्शिकेत नोंद होती की 18 नॉटपेक्षा, म्हणजे ताशी साधारण 33 किलोमीटरपेक्षा, जास्त वेगाने जाणाऱ्या जहाजावर चाचे चढू शकल्याचं उदाहरण नाही. एडनच्या आखातात नौदलांच्या पहाऱ्यातला एक ठरावीक मार्ग आखला गेला; 2008च्या ऑक्टोबरपासून आपली युद्धनौकाही तिथे असते. शिवाय सशस्त्र रक्षक. 2012नंतर हल्ले झपाट्याने उतरले.

पण यातलं काय मांडवी किंवा सलायाच्या लाकडी वाहणाला लागू पडतं, सांगा. वेग कमी, काठडा पाण्यापासून हातभर वर, कोंडून घ्यायला लोखंडी खोली कुठली? ही कच्छ-काठियावाडची वाहणं पिढ्यान्‌पिढ्या सोमाली बंदरांत माल नेतात. चाच्यांना ती खंडणीपेक्षा दुसऱ्याच कामासाठी हवी असत: खलाशांना ओलीस ठेवायचं, आणि त्यांच्याच वाहणावर इंधन व होड्या लादून शेकडो मैल आत जायचं. सरकारने 2010च्या मार्चमध्ये सलालाह ते माले या रेषेपलीकडे आपल्या वाहणांना बंदी केली. सुरक्षेच्या दृष्टीने बरोबरच, पण रोजगार बुडाला तो तांडेलाचा, खलाशांचा. आणि 2017मध्ये मांडवीचं 'अल कौसर' पळवलं गेलंच, 11 खलाशांसह.

दुसरी गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. 2010मध्ये जहाज उद्योगाने धोक्याच्या क्षेत्राची सीमा 78 अंश पूर्व रेखांशापर्यंत ओढली. म्हणजे आपला पश्चिम किनारा त्यात आला. विम्याचा खर्च वाढला, आणि मोठी जहाजं आपल्या किनाऱ्याला चिकटून जाऊ लागली, नेमकी मच्छीमारांच्या पाण्यातून. 15 फेब्रुवारी 2012. केरळपासून सुमारे 20 सागरी मैलांवर 'एनरिका लेक्सी' या टँकरवरच्या इटालियन नौसैनिकांनी 'सेंट ॲन्टनी' या मासेमारी बोटीवर गोळ्या झाडल्या. चाचे समजून. दोन मच्छीमार गेले. खटला कुठे चालवायचा यावर आठ वर्षं वाद झाला. 2020मध्ये लवादाने सैनिकांना भारतीय न्यायालयांपासून मुक्त ठेवलं, इटलीला भरपाई द्यायला लावली, आणि 10 कोटी रुपयांवर 2021मध्ये प्रकरण संपलं. सीमा तोपर्यंत, म्हणजे 2015च्या डिसेंबरातच, 65 अंशांवर मागे गेली होती.

माझं मत विचाराल तर सशस्त्र रक्षकांनी जहाजं वाचवली हे मान्यच करायला हवं. पण बंदुकीमागच्या माणसाला दूरवरून चाच्यांची होडी आणि कोळ्याची होडी सारखीच दिसते.

2023च्या अखेरीला चाचे परत आले. 2024च्या मार्चमध्ये 'आयएनएस कोलकाता'ने 'रुएन' सोडवलं, 35 चाच्यांना मुंबईत आणलं. त्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. त्याआधी जानेवारीत 'आयएनएस सुमित्रा'ने एकामागोमाग दोन इराणी मासेमारी बोटी सोडवल्या. दुसरीवरचे 19 खलाशी पाकिस्तानी होते.

चला, आता प्रश्न घेऊ.