मुदतीच्या तापाची गोष्ट

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना 'मुदतीचा ताप' विचारून बघा. म्हणजेच टायफॉइड, दूषित अन्न-पाण्यातून येणारा. औषध नव्हतं तेव्हा तीन-चार आठवडे नुसती वाट बघायची. दहातले एक-दोघं दगावायचे.

१९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल आलं आणि चित्र पालटलं. पण १९७२ मध्ये मेक्सिकोत आणि आपल्या केरळात, कालिकतला, त्याला दाद न देणारा टायफॉइड पसरला. १९९० च्या आसपास अ‍ॅम्पिसिलिन, कोट्रायमॉक्साझोलही निकामी झाली. मग सिप्रोफ्लॉक्सासिन आलं. दहा-पंधरा वर्षांत तेही लंगडं पडलं. २०१६ पासून पाकिस्तानातल्या सिंधमध्ये सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनच्या इंजेक्शनलाही न जुमानणारा जंतू पसरला. तिथे गोळ्यांमध्ये भरवशाची उरली ती मुख्यतः अ‍ॅझिथ्रोमायसिन.

आणि तीच गोळी आपण साध्या सर्दीला मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणतो! सर्दी विषाणूची, तिच्यावर या गोळीचा उपयोग शून्य. पोटातले जंतू मात्र तिला सरावतात.

नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये मुलांना टायफॉइडची लस द्यायला सुरुवात केली. आपल्या गावात निदान गटारातून गेलेली नळाची पाइपलाइन तरी बाजूला घ्या. पुढच्या सभेत नगरसेवकांना एवढं विचाराच.