डुप्लिकेट पॅडचा मायना

गेल्या दिवाळीत धुळ्याला मामांकडे गेलो तेव्हा बॅगेत फराळाच्या डब्याशेजारी एक रास्पबेरी पाय ४ होता, रेट्रोपाय टाकलेला, आणि सोबत एक बिनवायरचा गेम पॅड. कारण सांगतो. नव्वदच्या दशकात मामांचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि मागच्या खोलीत एक व्हिडिओ गेम. सुट्टी लागली की आम्ही जळगावहून एसटीने एरंडोल, पारोळा मागे टाकत धुळ्याला पोचायचो. रात्री शटर ओढलं की मामा माझ्याबरोबर ‘टँक’ खेळायचे. आता मामा सत्तरीत आहेत, गुडघ्यांमुळे जमिनीवर बसता येत नाही, आणि वायरचा पॅड सोफ्यापर्यंत पोचत नाही. म्हणून हा खटाटोप.

सगळं जोडलं. पॅडचा दिवा लागला, पण स्क्रीनवर काही म्हणजे काही हलेना.

‘‘काय करी ऱ्हायना रे भाऊ?’’ मामा सोफ्यावरून. मग पॅड हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि निकाल दिला, ‘‘डुप्लिकेट आहे.’’

आता गंमत अशी की आमचं सगळं बालपणच डुप्लिकेट होतं. ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांचे जे डबे आपल्याकडे घरोघरी आले, त्यांच्या आत निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल होती. फॅमिकॉम जपानात १५ जुलै १९८३ ला आला. मासायुकी उएमुरा यांच्या गटाने तो तयार केला. पॅडवरचं ते अधिक चिन्हासारखं बटण त्याआधी गुनपेई योकोइ यांनी १९८२ च्या एका खिशातल्या गेमसाठी बनवलं होतं. आमचा ‘टँक’ म्हणजे नामकोचा १९८५ सालचा ‘बॅटल सिटी’. खरं नाव मला कॉलेजात कळलं, कारण आमच्याकडे तो ‘९९९९ इन १’ लिहिलेल्या कॅसेटमध्ये होता. (त्यात ९९९९ गेम आहेत का, हे एका मे महिन्यात मी वहीत मोजायला घेतलं होतं. असो.)

तर प्रश्न असा, की ते डुप्लिकेट पॅड वर्षानुवर्षं निमूट चालायचे, मग हा का नाही?

त्याचं उत्तर पॅडच्या आत आहे. १९७७ च्या अटारीच्या जॉयस्टिकमध्ये प्रत्येक दिशेला स्वतंत्र वायर होती. चार दिशा, एक बटण, एक ग्राउंड. फॅमिकॉमच्या पॅडला आठ बटणं, पण वायरी पाचच: वीज, ग्राउंड आणि तीन कामाच्या. आत ४०२१ नावाची एक साधी चिप. यंत्र एका वायरीवरून म्हणतं, ‘‘आत्ता कोणकोणती बटणं दाबलीत ते धरून ठेव.’’ मग दुसऱ्या वायरीवर टिचकी मारत जातं आणि पॅड तिसऱ्या वायरीवरून एकेक उत्तर देतो: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. सेकंदाला पन्नास-साठ वेळा हीच हजेरी.

या सगळ्या व्यवहारात यंत्र पॅडला एकदाही ‘‘तू कोण?’’ असं विचारत नाही. हजेरी क्रमाने दिली की झालं. म्हणून नक्कल सोपी होती, आणि म्हणूनच मामांना ती दुरुस्तही करता यायची. वायर बहुतेक वेळा पॅडच्या तोंडाशीच तुटलेली असायची. आतल्या वायरींचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे, त्यामुळे रंगावर भरवसा ठेवायचा नाही, मल्टीमीटर लावून पाचही वायरी शोधायच्या, डाग मारायचा, पोरं पुन्हा खेळायला मोकळी.

मामांच्याच पद्धतीने मीही आधी वीज तपासली. चार्जर बदलला, फरक शून्य. मग आठवलं की यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टाजवळ जो गोंगाट होतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास सांडतो, आणि पॅडचा रिसीव्हर तिथेच बोलतो. रिसीव्हर लांब नेण्यासाठी यूएसबीची वायर हवी होती. ती दुसऱ्या दिवशी जळगावला घरी गेलो तेव्हा गोलाणी मार्केटमधून आणली. परत धुळे. तरीही ढिम्म. माझ्या ऑफिसच्या विंडोज लॅपटॉपला मात्र तोच पॅड पहिल्या झटक्यात चालला! म्हणजे पॅड जिवंत होता. रविवारी रात्री साडेनऊची पुण्याची ट्रॅव्हल्स होती आणि घड्याळात साडेतीन वाजले होते.

मग टर्मिनल उघडून रिसीव्हर स्वतःला काय म्हणवतो ते पाहिलं. ०४५ई. हा नंबर मायक्रोसॉफ्टचा! स्वारी स्वतःला चक्क एक्सबॉक्स ३६० चा पॅड म्हणवत होती.

हे सोंग का? १९९६ साली यूएसबी आलं तेव्हा मूळ कल्पना अशी होती की माउस असो की पॅड, प्रत्येकाने आल्या आल्या आपलं वर्णन द्यावं: मला इतकी बटणं, इतक्या काड्या. २००५ च्या एक्सबॉक्स ३६० च्या पॅडने हा शिरस्ता पाळला नाही. त्याची बोली वेगळी, त्याला खास ड्रायव्हर लागतो. पण पीसीवरचे गेम पुढे याच पॅडला धरून लिहिले गेले. मग बाकीच्या कंपन्यांनी सरळ त्याचंच नाव लावलं. म्हणजे आता वायरींची नक्कल पुरत नाही, ओळखीची नक्कल करावी लागते. आणि ओळख चोरली की तिच्याबरोबर सवयीही येतात. विंडोजचा ड्रायव्हर ३६० च्या पॅडशी बोलायला लागताना आधी एक ठरावीक विनंती पाठवतो. काही नकली पॅड त्या विनंतीची वाट बघत बसतात. ती आली नाही तर बटणांबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

धुळ्यात हे समजायला फार लांब जावं लागत नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला घेतली, गावोगावची दफ्तरं धुंडाळली आणि १९२६ च्या ३१ डिसेंबरला याच गावात देह ठेवला. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथेच आहे. जुन्या मोडी पत्रांत मजकुराआधी मायना असतो. वडिलांना ‘तीर्थरूप’, धाकट्याला ‘चिरंजीव’, मानकऱ्याला ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री’. मायना चुकला तर पुढचा मजकूर कितीही कामाचा असो, मानकरी रुसलाच. माझा पॅडही तसाच रुसून बसला होता. सरदार नकली, पण मान अस्सल सरदाराचा पाहिजे!

लिनक्सच्या एक्सपॅड ड्रायव्हरमध्ये हा मायना घातला गेला तो २०२३ साली. माझ्या कार्डावरची रेट्रोपाय २०२२ सालची, कर्नल ५.१०. तिला बिचारीला हे शिष्टाचार कुठून माहीत असणार?

मग नवीन कार्ड, त्यावर ६.६ कर्नलची रास्पबेरी पाय ओएस, आणि वर रेट्रोपाय हाताने चढवणं. सगळं मोबाइलच्या इंटरनेटवर. मामींनी मध्ये दोनदा शेवभाजी गरम केली. मामा शेजारी खुर्ची ओढून बसले होते. वायर नाही, डाग नाही, नुसत्या पांढऱ्या अक्षरांच्या ओळी सरकताहेत, ही कसली दुरुस्ती, असा चेहरा. मी त्यांना मायन्याचं सांगितलं तेव्हा मात्र हसले. म्हणाले, ‘‘म्हणजे आमच्या गिऱ्हाइकासारखंच. आधी ‘या शेठ’ म्हणा, मग तो पिशवीतून रेडिओ काढणार.’’

आठला दहा कमी असताना पॅड बोलला.

दोघांचा ‘टँक’ लावला. मामा सोफ्यावर, मी सवयीने खाली. पहिल्याच डावात मामांनी आमचा गरुड स्वतःच्याच गोळीने उडवला, पॅडकडे बघितलं आणि म्हणाले, ‘‘सांगितलं ना, डुप्लिकेट आहे.’’