आयएनएसव्ही म्हादेई
आयएनएसव्ही म्हादेई ही दीर्घ सागरी प्रवासासाठी बांधलेली भारतीय नौदलाची शिडाची नौका आहे. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी मांडलेल्या ‘सागर परिक्रमा’ या संकल्पनेसाठी गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात तिची बांधणी झाली. २००९ च्या फेब्रुवारीत ती नौदलात दाखल झाली. मांडवी नदीच्या ‘म्हादेई’ या नावावरून तिचे नामकरण करण्यात आले.

रचना
नौकेची लांबी सुमारे १७ मीटर असून बांधणी लाकूड व फायबरग्लासची आहे. दोन धडांची कॅटामरान ऐसपैस व कमी कलणारी असली, तरी उलटल्यास ती आपोआप सरळ होत नाही. म्हादेई एकाच धडाची आहे. तळाशी जड भार असलेली अशी नौका लाटेने आडवी झाली तरी पुन्हा उभी राहू शकते. एकट्या खलाशासाठी हा फरक जीवनमरणाचा ठरतो.

परिक्रमा
कमांडर दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात चार बंदरांवर थांबे घेत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय होत. वापरलेल्या याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली. पुढे ‘तारिणी’ या नौकेतून प्रदक्षिणा करणाऱ्या नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी म्हादेईवरच सराव केला होता.