चांद्याचे युद्ध कोणत्या वास्तूत ठेवावे?

१/ जुन्या लष्करी वास्तूचे युद्धसंग्रहालय करावे, ही सूचना आपल्याकडे अधूनमधून होत असते. चंद्रपूर-गडचिरोलीत तसे ठरलेच, तर पहिला प्रश्न उभा राहतो : वास्तू कोणती? एकोणिसाव्या शतकात या मुलखाने चाळीस वर्षांच्या अंतराने इंग्रजांशी दोन युद्धे पाहिली. एक तटाशी झाले, दुसरे रानात. #थ्रेड

२/ पहिले १८१८ चे. सीताबर्डीची लढाई आप्पासाहेब भोसले आधीच हरले होते. दुसरा बाजीराव चांद्याच्या रोखाने येत असता कर्नल अ‍ॅडम्सने एप्रिलमध्ये त्यास पांढरकवड्याजवळ गाठून पिटाळले व फौज चांद्यावर वळवली. मे महिन्यात तोफांनी तट फोडून शहर घेतले गेले. किल्लेदार गंगासिंग लढताना पडला.

३/ या युद्धाची वास्तू शोधावी लागत नाही. गोंड राजांनी बांधलेला परकोट, जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर व बिनबा हे चार दरवाजे आणि हत्तीवर मात करणारा सिंह आजही उभे आहेत. २०१७ मध्ये स्थानिक तरुणांनी महिनोन्‌महिने खपून तटावरील झाडोरा काढला, तेव्हा अनेक चंद्रपूरकरांना आपला किल्ला प्रथमच सलग दिसला.

४/ मात्र दगडी वास्तू बहुधा आपल्या मालकाचीच कथा सांगते. नागपुरास सीताबर्डीचा किल्ला पाहा. तो लष्कराच्या ताब्यात असून वर्षातून मोजक्या राष्ट्रीय दिवशीच खुला होतो. आत १८१७ च्या लढाईत पडलेल्या इंग्रजांची थडगी नीट जपलेली आहेत.

५/ आता दुसरे युद्ध. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांद्यास इंग्रज अधिकारी बसला. मार्च १८५८ मध्ये मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी राजगड परगणा ताब्यात घेतला. डेप्युटी कमिशनर क्रिक्टन याने फौज धाडली. नांदगाव-घोसरी, सगणापूर, बामनपेठ अशा चकमकी होत गेल्या. अडपल्ली-घोटचे व्यंकटराव बाबूरावांना येऊन मिळाले होते. या सैन्याला ना किल्ला होता, ना बराक. रान हाच तट.

६/ २९ एप्रिलच्या रात्री चिंचगुंडी येथे तारखात्याच्या तळावर हल्ला झाला. गार्टलँड व हॉल हे दोघे कर्मचारी मारले गेले, पीटर निसटला. संग्रहालय झालेच, तर ही दोन नावेही तेथे असावीत, असे मला वाटते. नपेक्षा ते पूजास्थान होईल, संग्रहालय नव्हे.

७/ शेवटी अहेरीच्या जमीनदारीणबाईंनी बाबूरावांना इंग्रजांच्या हवाली केले. त्यांचे नाव लक्ष्मीबाई. त्याच वर्षी दुसरी एक लक्ष्मीबाई ग्वाल्हेरला लढता लढता गेली होती! २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात बाबूरावांना फाशी झाली. व्यंकटराव बस्तरात निसटले, १८६० मध्ये पकडले गेले, जन्मठेप काळ्या पाण्यावर.

८/ म्हणजे रानातल्या या युद्धाची आज उभी असलेली एकच मोठी वास्तू आहे, आणि ती फाशी देणाऱ्यांची : चंद्रपूरचे कारागृह. दरवर्षी २१ ऑक्टोबरला गोंड समाज कारागृहाच्या परिसरातील पिंपळापाशी जमतो. (मोहरमच्या दिवसांतही हेच दार गैबीशाह वलींच्या दर्ग्यासाठी सर्वांना उघडते.) एरवी तो चालता तुरुंग आहे.

९/ काहींना पठाणपुरा दरवाजा संग्रहालयास सोयीचा वाटेल. सोयीचा आहेच, पण तेथे १८१८ च्या तोफा आणि नकाशे बसतील, १८५८ कोपऱ्यात जाईल. माझे मत कारागृहाच्या बाजूने आहे. आज ना उद्या कैद्यांसाठी नवी इमारत उभी राहिली, तर ही पाडू नये आणि तिचे कार्यालयही करू नये.

१०/ एक अडचण मात्र राहते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. बाबूरावांचे जन्मगाव किष्टापूर, अहेरी आणि चिंचगुंडी तिकडे गेले. राजगड आणि फाशीची जागा इकडे राहिली. किष्टापूरच्या मुलाला आपल्या गावचे युद्ध पाहण्यासाठी जिल्हा ओलांडून यावे लागेल, तेही तुरुंगात.