उच्चार एक, स्पेलिंग दोन : इंग्रजी समोच्चारी शब्दांचा इतिहास

प्रकल्प अहवालात 'प्रिन्सिपल स्ट्रेस' लिहिताना शेवटी पी-ए-एल की पी-एल-ई, असा प्रश्न तुम्हाला कधीतरी पडला असेल. संगणकाची स्पेलिंग तपासणी इथे अनेकदा गप्प बसते, कारण दोन्ही शब्द कोशात आहेत. उच्चार सारखा, पण स्पेलिंग आणि अर्थ वेगळे, अशा शब्दांना होमोफोन म्हणजे समोच्चारी शब्द म्हणतात. त्यांच्या जोड्या नुसत्या पाठ केल्या तर परीक्षेनंतर विसरतात. त्या कशा तयार झाल्या हे समजले, तर लक्षात राहतात.

मराठीतही असे आहे. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. बोलताना आपण हा फरक फारसा करत नाही, पण संस्कृतातला ऱ्हस्व-दीर्घ लेखनात टिकून आहे. इंग्रजीत हेच फार मोठ्या प्रमाणावर घडले.

१. उच्चार बदलला, अक्षरे राहिली

'नाइट' म्हणजे रात्र आणि 'नाइट' म्हणजे सरदार. दुसऱ्या शब्दाच्या आरंभी 'के' हे अक्षर आहे. चौदाव्या शतकात कवी चॉसरच्या काळी हा 'के' उच्चारला जाई आणि दोन्ही शब्दांतला 'जी-एच' घशातून 'ख'सारखा निघे. म्हणजे एक शब्द साधारण 'निख्त' आणि दुसरा 'क्निख्त' असा ऐकू येई. पुढे हे दोन्ही ध्वनी बोलण्यातून गेले. अक्षरे मात्र लिहिली जात राहिली.

'मीट' म्हणजे भेटणे आणि 'मीट' म्हणजे मांस, यांचे स्वरही पूर्वी वेगळे होते. त्यामुळे एकात दोन 'ई' आणि दुसऱ्यात 'ई-ए' अशी लेखनपद्धत रुळली. साधारण 1400 ते 1700 या काळात इंग्रजीतले दीर्घ स्वर आपली जागा बदलत गेले. या बदलाला ग्रेट व्हॉवेल शिफ्ट म्हणतात. त्या ओघात हे दोन स्वर अखेर एक झाले. विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टर येथे छापखाना सुरू केला होता. छापील पुस्तकांमुळे स्पेलिंग हळूहळू स्थिर होत गेले, पण बोली पुढे सरकत राहिली.

२. एकाच शब्दाचे दोन झाले

काही जोड्यांची गोष्ट उलटी आहे. 'फ्लॉवर' म्हणजे फूल आणि 'फ्लॉवर' म्हणजे पीठ, हे मुळात एकच. जुन्या फ्रेंचमधून आलेला हा शब्द पिठासाठी वापरताना गव्हाचा 'फुलासारखा' उत्तम भाग असा अर्थ होता. सॅम्युअल जॉन्सनच्या 1755 च्या शब्दकोशातही पिठासाठी वेगळी नोंद नव्हती. दोन स्पेलिंगांची वाटणी नंतर पक्की झाली.

'स्टेशनरी'चेही तसेच. मध्ययुगीन युरोपात विद्यापीठांजवळ एका जागी दुकान मांडणाऱ्या पुस्तकविक्रेत्याला 'स्टेशनर' म्हणत. लंडनच्या स्टेशनर्स कंपनीला 1557 मध्ये राजसनद मिळाली. 'स्टेशनर' शब्दाच्या शेवटी 'ई-आर' आहे, म्हणून त्याच्याकडच्या कागद-लेखण्यांच्या 'स्टेशनरी'तही 'ई-आर'. स्थिर लाटेच्या 'स्टेशनरी'त मात्र 'ए-आर'.

'डिस्क्रीट' या जोडीचे मूळ वेगळे केलेले अशा अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. 'डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स'मध्ये दोन 'ई' सुटे आहेत, मध्ये 'टी' आहे. विवेकी, जपून बोलणारा या अर्थाच्या शब्दात ते दोन 'ई' शेजारी बसतात.

३. अहवाल लिहिताना

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. दोन्ही 'प्रिन्सिपल' लॅटिनमधल्या 'पहिला' या अर्थाच्या शब्दाच्या कुळातले. 'मुख्य' असा अर्थ असेल तेव्हा पी-ए-एल : प्रिन्सिपल स्ट्रेस, महाविद्यालयाचे प्रिन्सिपल. 'मूलतत्त्व' असा अर्थ असेल तेव्हा पी-एल-ई : आर्किमिडीजचे प्रिन्सिपल.

असे शब्द चुकले म्हणजे आपल्याला विषय येत नाही, असे समजून इंग्रजीत लिहायला बिचकू नका. आपल्या लिप्या बऱ्याच अंशी उच्चाराप्रमाणे चालतात. इंग्रजी स्पेलिंग अनेकदा जुना उच्चार किंवा शब्दाचे कूळ सांगते. लिहिताना कानावर विसंबू नका. आधी अर्थ ठरवा, मग स्पेलिंग निवडा. मात्र अहवाल देण्यापूर्वी असे शब्द स्वतः तपासा. 'डिस्क्रीट सिग्नल'चे स्पेलिंग चुकले, तर वाचणाऱ्याला तो सिग्नल विवेकी वाटेल.

स्वाध्याय : वाहन थांबवणारा 'ब्रेक' आणि मोडणे या अर्थाचा 'ब्रेक' यांची स्पेलिंगे लिहा आणि प्रत्येकाचे एक वाक्य तुमच्या प्रयोगवहीतून शोधा.