फडावरची मुलगी आणि रामाची आई

स्मरणिकेत प्रत्येकीने काही लिहावे असे ठरले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तरी कै. जयश्री गडकर यांच्याविषयी चार शब्द लिहिण्याचे धाडस करते. चूकभूल द्यावी घ्यावी.

जयश्रीबाईंचा जन्म १९४२ सालचा, कारवारकडचा. नृत्याची आवड लहानपणापासूनची. १९५५ साली व्ही. शांतारामांचा ‘झनक झनक पायल बाजे’ आला. त्यात संध्याबाई नायिका होत्या, आणि जयश्रीबाई समूहात नाचणाऱ्या मुलींपैकी एक.

चारच वर्षांनी, १९५९ मध्ये, अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला. हंसा वाडकरांच्या मुलीचे काम जयश्रीबाईंनी केले. शब्द गदिमांचे, संगीत वसंत पवारांचे, आवाज आशाबाईंचा. बुगडीचे गाणे घरोघरी गेले. पुण्याच्या विजयानंद टॉकीजमध्ये हा चित्रपट १३१ आठवडे, म्हणजे अडीच वर्षे चालला.

पुढे हाच चित्रपट आमच्याकडे परळीच्या जत्रेत तंबूत लागला. माझी आई तेव्हा परकरी पोर. आजोबा म्हणाले, “तमाशाचा शिनेमा पोरीबाळींनी बघायचा नाही.” आई तंबूबाहेर उभी राहिली. तिने चित्रपट पाहिला नाही, नुसता ऐकला.

जयश्रीबाई मात्र नाचापुरत्या राहिल्या नाहीत. ‘मानिनी’त (१९६१) त्या सोशिक सून झाल्या, भालजी पेंढारकरांच्या ‘साधी माणसं’मध्ये (१९६५) लोहाराची कष्टाळू बायको झाल्या. १९७५ साली त्यांचा विवाह नट बाळ धुरी यांच्याशी झाला.

१९८७ साली दूरदर्शनवर रामायण सुरू झाले. गल्लीत टी. व्ही. एकच. रविवारी सकाळी त्याला हार घालून सगळे पुढे बसायचे. बाळ धुरी दशरथ आणि जयश्रीबाई कौसल्या. एकदा कौसल्यामाता दिसताच आजोबांनी हात जोडले. आई हळूच म्हणाली, “आबा, ही तीच हाय, तंबूतली.” आजोबा काही बोलले नाहीत, पण जोडलेले हात त्यांनी खाली घेतले नाहीत.

मी तेव्हा लहान होते. आज वाटते, आईला जे सांगायचे होते ते तिने त्या दिवशी सांगितले.

२९ ऑगस्ट २००८ रोजी जयश्रीबाई गेल्या.

भगिनींनो, मागच्या हळदीकुंकवाला एका मुलीने लावणी करू का म्हणून विचारले. “बरे दिसत नाही” असे म्हणून आपण तिला बसवले. त्यात माझाही आवाज होता, हे कबूल करते. घरी गेल्यावर आजोबांचे जोडलेले हात आठवले आणि रात्रभर चैन पडले नाही. नाच तोच असतो. कमीपणा पाहणाऱ्याच्या नजरेत असतो.

यंदाच्या वर्धापनदिनी पहिला कार्यक्रम त्या मुलीचा ठेवावा, अशी माझी मंडळाला नम्र विनंती आहे. माझी आई आता थकली आहे. तिला मी पुढच्या खुर्चीवर आणून बसवीन. या वेळी तिला बाहेर उभे राहावे लागू नये.